तेवीस नावं, एक नंबर

माझ्या मुलाला आमच्याच टोलीतल्या सात माणसांनी आमच्याच अंगणात मारलं. चौघांच्या हातात काठ्या होत्या, एकाच्या हातात बैलगाडीच्या कडेची लाकडी उभारी होती, एक रिकाम्या हातानं आला होता आणि एकाकडे धानाची पोती ओढायचा लोखंडी हूक होता. का मारलं ते सांगायचं तर आधी कॉम्प्युटरचं सांगावं लागतं. मी चौथी शिकलेली बाई. पण ते काम माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि त्याची तपासणी माझ्या हातातल्या फोनवर झाली, म्हणून मला ते ठाऊक आहे.

आमची टोली, म्हणजे लहानशी वस्ती, केशोरीच्या पलीकडे, जंगलाला लागून. सगळी घरं बौद्धांची, तेवीस-चोवीस चुली. प्रत्येकाच्या दोन-चार बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली लहान शेतं. माणसं कष्टाची आहेत, आणि हात लवकर उचलणारी आहेत. बांधीचं पाणी कोणी आधी फोडलं यावरून माझ्या दिराचं डोकं फावड्यानं फुटलं होतं. माझा नवरा मला मारायचा. एकदा मी चुलीवरचा तापलेला तवा त्याच्या मनगटावर टेकवला. त्यानंतर तो हात उचलायच्या आधी थोडा थांबायचा. तो मरून बरीच वर्षं झाली. त्याच्याबद्दल एवढंच पुरे.

सून गोंदियाची. कॉम्प्युटरचं मोठं शिक्षण घेतलेली. लग्नाच्या वेळी माझा मुलगा म्हणाला होता, नोकरी करू देईन. आणि फुलचूरला एका ऑफिसात तिला खरंच नोकरी लागली, तेव्हा त्यानं तिला एक थापड मारली. मी चुलीतलं जळकं लाकूड काढून त्याच्या पाठीत घातलं. तो ओरडला, "माय, मी तुहा पोरगा हाओ!" मी म्हटलं, "म्हणूनच एकच मारलं." मग ठरलं की सून, दोन वर्षांची नात आणि मी फुलचूरला भाड्याच्या खोलीत राहायचं, आणि मुलानं टोलीत राहून शेती पाहायची. साल दोन हजार अकरा-बारा असेल.

सुनेचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. मालक हिंदी बोलणारा, गोंदियाचा. त्यानं धान खरेदी केंद्राच्या कॉम्प्युटरचं काम घेतलं होतं. त्या वेळी केंद्रावर काय चालायचं ते मी पाहिलेलं आहे. धान भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या चार-चार दिवस रांगेत उभ्या राहायच्या. मध्ये कोणी घुसला की मारामारी. एका उन्हाळ्यात वजनकाट्यापाशी एका माणसाच्या पायावरून मुद्दाम चाक नेलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून केंद्रानं ठरवलं की प्रत्येक शेतकऱ्याचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्यायचा, आणि कोणी कोणत्या तारखेला धान आणायचा ते मेसेजनं कळवायचं. सुनेनं ते सगळं जावा नावाच्या भाषेत बनवलं. केंद्रावरचा बाबू पडद्यावर यादी उघडणार, तारीख टाकणार, बटण दाबणार आणि मेसेज जाणार.

पण मेसेज आपला कॉम्प्युटर पाठवत नाही. तो पाठवणारी कंपनी वेगळी. मी भाजी निवडत होते आणि ती लॅपटॉप घेऊन बसली होती, तेव्हा मी विचारलं, "मग तू काय करतेस?"

ती म्हणाली, "आई, त्या कंपनीची एक खिडकी आहे समजा. त्या खिडकीवर उभं राहायचं, आपली चावी दाखवायची, नंबर आणि मजकूर लिहिलेली चिठ्ठी आत द्यायची, आणि आतून 'घेतली' असं उत्तर आलं की परत यायचं. हे करणारा गडी मी बनवते आहे. त्याला क्लायंट म्हणतात."

"म्हणजे नोकर."

"नोकरच. पण हा सांगितलं तेवढंच करतो. डोकं लावत नाही."

"मग माझ्या पोरापेक्षा बरा."

ती हसली. ती फार हसत नसे.

त्या गड्याची तपासणी करायला तिला एक फोन लागायचा. तो माझा. ती बटण दाबायची आणि मी चष्मा लावून आलेलं वाचायची. पहिल्या दिवशी नुसती प्रश्नचिन्हं आली. पानभर प्रश्नचिन्हं. मी म्हटलं, हा मलाच विचारून राहिला आहे. तिनं सांगितलं की मराठी अक्षरं पाठवायची तर आधी चिठ्ठीवर तसं लिहावं लागतं, नाहीतर पलीकडचा ती फेकून देतो आणि चिन्हं घालतो. दोन दिवस तिचे त्यात गेले. मग एका दुपारी फोन वाजला आणि मी वाचलं, "आपला धान सोमवारी केंद्रावर आणावा." मी मोठ्यानं वाचलं. नात टाळ्या वाजवू लागली.

मग दुसरी भानगड सुरू झाली.

"आई, आला का?"

"आला. तीन आले."

"तीन? मी एकच पाठवला."

"मग फोन खोटा बोलते का?"

तिनं फोन हातात घेतला, पाहिलं, लॅपटॉपवर ओळी वाचत बसली. आमचा गडी खिडकीत चिठ्ठी देऊन थोडा वेळ थांबायचा. आतला माणूस सुस्त. उत्तर वेळेत आलं नाही की आमचा समजायचा, चिठ्ठी पोचलीच नाही, आणि पुन्हा द्यायचा. असं तीनदा. आतल्यानं तिन्ही घेतलेल्या असायच्या.

चार दिवस तेच. भात उतरवते आहे, फोन तीनदा. नातीला धुते आहे, फोन तीनदा. शेवटी मी चिडले. मी तिला म्हटलं, "हे पाय, आमच्या टोलीतल्या माणसाले एकच गोष्ट तीनदा सांगतली तर तो म्हणते, मले येडा समजून राहिली का. बंद कर हे. एका नंबरले एकच मेसेज. बस."

ती म्हणाली की खरी रीत वेगळी आहे. प्रत्येक चिठ्ठीला आपला वेगळा क्रमांक द्यायचा, म्हणजे आतल्याला कळतं की ही आधीचीच आहे. पण ही कंपनी तसा क्रमांक घेत नव्हती, आणि मालकाला सोमवारी काम हवं होतं. मग म्हणाली, "तुमचंच करते." आणि तिनं चार ओळी घातल्या. आज ज्या नंबरला मेसेज गेला, त्या नंबरला आज दुसरा जायचा नाही. तिनं पाच वेळा बटण दाबलं. माझ्या फोनवर एकच मेसेज आला. मी म्हटलं, आता शहाणा झाला. त्या दिवशी मी तिच्यासाठी झिंग्यांची भाजी केली.

आम्ही दोघींनीही टोलीचा विचार केला नाही. ती शहरातली, तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

टोलीत फोन चार-पाच घरांत होते. पण माणसं सिम सारखं बदलायची. बॅलन्स संपला की सिम फेकून द्यायची. फोनचं नेटवर्कही घरात नाही, फक्त बोडीच्या पाळीवर, म्हणजे आमच्या लहान तळ्याच्या बांधावर. माझ्या मुलाचा नंबर पहिल्यापासून एकच. तो रोज एकदा पाळीवर जायचा आणि सगळ्यांचे निरोप घेऊन यायचा. म्हणून शाळेत, बँकेत, दवाखान्यात, जिथे नंबर विचारला तिथे सगळी टोली त्याचाच नंबर सांगायची. खरेदी केंद्रावरही तेच झालं. तेवीस शेतकऱ्यांची नावं एका कागदावर लिहून माझा मुलगाच केंद्रावर गेला. तेवीस नावांपुढे एकच नंबर. आणि लिहिणारा तो, म्हणून पहिलं नाव त्याचं स्वतःचं.

उन्हाळी धान निघाला. मे महिन्यात नातीला घेऊन मी टोलीत आले, सून फुलचूरला कामावर राहिली. एक दिवस बाबूनं आमच्या टोलीची यादी उघडली आणि बटण दाबलं. मुलाच्या फोनवर त्याच्या नावाचा मेसेज आला. तो गाडी भरून गेला, धान मोजून आला. बाकीच्यांचे आले नाहीत. लोक रोज विचारायचे, आणि तो रोज पाळीवर जाऊन यायचा.

"आला का गा?"

"नाई आला, काका. येईल."

"तुहा बरा आला."

"माहा आला, तुमचाबी येईल. मी काय पाडून राहिलो का मेसेज?"

आधी हसत होते. मग हसायचं बंद झालं. केंद्र महिन्याच्या अखेरीला बंद होणार होतं. धान उघड्यावर पडला होता, रानडुकरं येऊन ढीग उकरत होती. शेवटी सात माणसं केंद्रावर गेली. बाबूनं त्यांना पडदा फिरवून दाखवला. तेवीस नावं, आणि तेवीसही नावांपुढे एकच शब्द, 'पाठविला'. तारखा कधीच्या उलटून गेलेल्या. बाबू म्हणाला, मेसेज तर तुमच्या नंबरला गेलेत, तुम्ही आला नाहीत, आता रांगेच्या शेवटी उभे राहा.

सातही माणसांना वाटलं ते तुम्हालाही वाटलं असतं. मलाही वाटलं असतं. मेसेज याच्या फोनवर आले, यानं स्वतःचा धान विकला आणि आमचे मेसेज दाबले.

ते आले तेव्हा मुलगा ओट्यावर जेवत होता. पुढे होता तो हूकवाला. समोरच्या घरचा, मुलाच्याच वयाचा, केंद्रावर हमाली करायचा, म्हणून हूक कमरेला असायचाच. लहानपणी तापानं फणफणला होता तेव्हा त्याला मी चार दिवस माझ्या मांडीवर घेतलं होतं. तो म्हणाला, "आमचे मेसेज कोठी गेले बे?"

मुलगा म्हणाला, "कायचे मेसेज? आलेच नाई."

"बाबूनं दाखोले ना आमाले! बावीस मेसेज खाल्ले तू. काऊन खाल्ले? आमचा धान सस्त्यात घ्याले कोण्या व्यापाऱ्यानं सांगतलं तुले?"

"तोंड सांभाळ."

एवढंच बोलणं झालं. पहिली काठी ताटावर पडली, दुसरी तोंडावर. मी आत होते, दात तुटल्याचा आवाज मला आत ऐकू आला. नातीला मी खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. बाहेर आले तेव्हा त्याला ओट्यावरून खाली ओढलं होतं. उभारी त्याच्या उजव्या हातावर बसली आणि हात कोपराच्या वर वाकला, जिथे वाकायला नको तिथे. तो ओरडत नव्हता, आई-बहिणीवरून शिव्या देत होता. मग हूकवाल्यानं हूक खांद्यात घातला आणि पोतं ओढतात तसा ओढला. चामडी उघडली. आतलं पांढरं दिसलं, मग ते लाल झालं.

मी मुसळ उचललं. म्हातारी असले तरी मुसळ मला जड नव्हतं, जन्मभर धान कांडलेला आहे. पहिलं उभारीवाल्याच्या गुडघ्यावर घातलं. तो बसला तो पुढे सहा महिने लंगडत होता. दुसरं हूकवाल्याच्या पाठीत. तिसरं कोणाला लागलं माहीत नाही. कोणीतरी माझे केस धरले आणि मला तुळशीच्या कट्ट्यावर नाही, आम्हा बौद्धांकडे तुळस नसते, पाण्याच्या हौदावर आपटलं. कपाळ फुटलं. डोळ्यांत रक्त गेलं तरी मी मुसळ फिरवत होते. बाया धावत आल्या, तेव्हा ते मागे सरले. जाताना हूकवाला म्हणाला, "हा दवाखान्यातून वापस आला तर जाळून टाकू घर. चोराले जागा नाई टोलीत."

काळीपिवळी जीप मिळाली. नातीला धावत आलेल्या एका बाईकडे दिलं आणि मुलाला मागच्या सीटवर घातलं. अर्जुनीच्या दवाखान्यात खांद्याला टाके पडले, हातासाठी गोंदियाला पाठवलं. सगळ्या वाटेत तो एकच बोलत होता, तोंडातून रक्त आणि शब्द मिसळून येत होते. "मी नाई खाल्ले, माय." मी म्हटलं, "चूप राय, टाके तुटतील." मला तेव्हा खात्री नव्हती. आई असले म्हणून काय झालं. फोन त्याचा, आणि बाबूच्या यादीत बावीस मेसेज.

सून दवाखान्यात आली. नवऱ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं, मेसेजचं सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं. बाहेरच्या बाकावर बसून लॅपटॉप उघडला. तो गडी काय काय करतो ते सगळं लिहून ठेवणारी एक वही आत असते. ती वाचता वाचता तिचा हात थांबला.

"आई, ह्यांचा नंबर कितीजणांनी दिला होता?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"सगळी टोली. तेवीस."

तिनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. मला इंग्रजी येत नाही, पण मुलाच्या नंबराचे दहा आकडे मला पाठ आहेत. एकाखाली एक, तेवीस ओळींत तेच दहा आकडे. पहिल्या ओळीपुढे एक शब्द, बाकीच्या बावीस ओळींपुढे दुसराच एक शब्द. ती म्हणाली, "पहिला गेला. बाकीचे आपल्या गड्यानं वगळले. एका नंबरला एकच. आणि वगळला तरी तो मागे 'झालं' असंच सांगत होता, म्हणून बाबूच्या यादीत 'पाठविला' आलं. ते 'झालं' मीच लिहिलं होतं. नाहीतर प्रत्येक वेळी लाल खूण आली असती."

मग तिनं लॅपटॉप मिटला.

तिनं मालकाला फोन लावला. त्याचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता. "मैडम, लिस्ट में 'भेजा' लिखा है ना? तो भेजा है. चुपचाप ठीक कर दो. गाँव का झगड़ा है, गाँव वाले जानें." तिनं फोन ठेवला. आम्ही आत गेलो आणि मुलाला सगळं सांगितलं. त्याचे पुढचे तीन दात गेले होते, ओठ शिवले होते. त्यानं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता थुंकेल. तो म्हणाला, "मी चोर नाई, एवढं सांग त्याईले. बाकीचं मंग पाहू."

"तिले मारतील," मी म्हटलं.

"मले नाई मारलं?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आधी केंद्रावर गेलो. सुनेनं एका कागदावर लिहून दिलं की चूक माझ्या प्रोग्रामची आहे, शेतकऱ्यांची नाही, आणि खाली सही केली. तिथल्या साहेबानं कागद वाचला आणि फाईल तिच्या अंगावर फेकली. कोपरा हनुवटीला लागला. पण त्यानं बावीस नावांना नव्या तारखा दिल्या. मालकाला संध्याकाळपर्यंत कळलं आणि तिची नोकरी गेली. पण मेसेजच्या खिडकीची चावी त्यानं तोवर बंद केली नव्हती, आणि आम्हाला तेवढाच वेळ पुरेसा होता. आम्ही आधीच टोलीत पोचलो होतो.

बाया, माणसं, सगळी बोडीच्या पाळीवर जमली, कारण नेटवर्क तिथेच. काठ्या आणलेल्या होत्या. मी कपाळाला पट्टी बांधून पुढे उभी राहिले आणि म्हटलं, "हे माही सून. हिले बोलू द्या. मंग काय करायचं ते करा."

सून उभी राहून बोलली. चूक झाली तशी सांगितली, खिडकी, चिठ्ठी, चार ओळी, सगळं. रडली नाही. म्हणाली, "तुमचे मेसेज ह्यांना आलेच नाहीत. माझ्यामुळे आले नाहीत. ह्यांनी काही लपवलेलं नाही."

हूकवाल्याची आई पुढे आली. माझ्याच वयाची, आम्ही एकाच वर्षी सुना म्हणून या टोलीत आलो होतो. तिनं सुनेच्या कानाखाली वाजवली. आवाज पाण्यावरून पलीकडे गेला. सून खाली बसली, पुन्हा उभी राहिली. ती थापड मी अडवली नाही. टोलीचा महिना वाया गेला होता, एक थापड होणारच होती. दुसरी उचलली तेव्हा मी तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं.

"एक झाली," मी म्हटलं. "दुसरी मारशील तर हात मोडून माह्या पोराच्या हाताशेजारी ठेवीन."

एका नंबरला एकच पाठव, असं सुनेला मी म्हटलं होतं. ते मी त्या पाळीवर बोलले नाही. सूनही बोलली नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आज इतक्या वर्षांनी इथे लिहिते आहे. त्या थापडेतली अर्धी माझी होती.

सुनेनं पाळीवर बसून लॅपटॉप उघडला, त्या चार ओळी काढून टाकल्या. नेट सारखं तुटत होतं. माणसं उन्हात उभी होती, कोणी बसलं नाही. कोणीतरी म्हणालं, "हे बाई टाईमपास करून राहिली." मग मुलाचा फोन माझ्या हातात वाजला. मी वाचलं. एकाचं नाव, नवी तारीख. तो माणूस गर्दीतून म्हणाला, "माहं?" पुन्हा वाजला. दुसऱ्याचं नाव. मग थांबेना. मी वाचत गेले, घसा सुकला तरी वाचत गेले. काहीजणांचं दोनदा आलं, ते मी दोनदा वाचलं. हूकवाल्याचं नाव अकरावं होतं. त्यानं तारीख ऐकली आणि हातातली काठी पाण्यात फेकली. बावीस नावं झाली. उभारीवाला गुडघा धरून बसला होता.

टोलीतला सगळ्यात म्हातारा माणूस म्हणाला, "बाई, पोलिसात जाऊन राहिली का तू?"

मी म्हटलं, "नाई जात. पण माह्या पोराचा हात मोडला, रोवणा तोंडावर आला. ज्यानं हूक घातला त्याचे हात मले पायजेत. आमच्या सगळ्या बांध्यांचा रोवणा तो करील. आधी आमचा, मंग त्याचा."

"पऱ्हे काढून देतो, चिखल करून देतो," हूकवाला म्हणाला.

"पऱ्हे, चिखल आणि रोवणाबी."

माणसं पऱ्हे, म्हणजे रोपं, काढतात आणि चिखल करतात, पण रोवणा आमच्याकडे बायांचं काम. वाकून, मागे मागे सरत, ओळीत रोपं लावायची. माणसं त्या ओळीत उभी राहत नाहीत. त्याचं तोंड पडलं, पण सगळ्यांच्या देखत तो हो म्हणाला.

जुलैत तो आला. रोज आला. बाया त्याला सोडत नव्हत्या. "काय भाऊजी, कंबर दुखते का?" "लुगडं आणून देऊ का गा?" "हूक कुठी हाय आज, घरी ठेवला का?" तो खाली मान घालून लावत राहायचा. मी त्याची भाकर दुपारी बांधावर ठेवून मागे फिरायची. सून आता टोलीतच होती. नोकरी नाही म्हणून तीही ओळीत उभी असायची, त्याच्यापासून चार हातांवर. तिला रोवणा येत नव्हता, तोच तिला दाखवायचा, रोप किती खोल दाबायचं ते. ती ऐकायची. मला ते आवडायचं नाही, पण रोपं बरोबर लागत होती.

माझा मुलगा हात गळ्यात बांधून रोज धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, येऊन बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात खांद्याच्या वर जाणार नाही. तो जात नाही, अजूनही जात नाही.

शेवटची बांधी शेवटच्या दिवशी दुपारी संपत आली. हूकवाल्यानं कंबर सरळ केली, चिखलाचे हात पाण्यात धुतले आणि धुऱ्याकडे पाहून म्हणाला, "झालं गा. फिटलं आता आपलं."

माझा मुलगा उठला. बांधीत उतरला, गुडघाभर चिखलातून त्याच्यापर्यंत चालत गेला आणि डाव्या हातानं त्याच्या तोंडावर मारलं. सगळ्या अंगाचा जोर त्यात होता. हूकवाला मागे पडला, नुकत्या लावलेल्या रोपांवर. पाण्यात रक्त पसरलं. बाया ओळीत तशाच वाकलेल्या राहिल्या. तो उठला, तोंडात बोट घालून दात चाचपला, रक्त थुंकला. मुलाला त्यानं मारलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी काय म्हणते म्हणून.

मी म्हटलं, "ते ओळ मोडली. सरळ कर."

तो वाकला आणि रोपं एकेक करून उभी करू लागला.